चार तारे, त्यातला एक ‘आयु’साठी

मी अनुवाद करते. परवा एका मजकुरात ‘प्रायमीव्हल फॉरेस्ट’ आलं आणि ‘आदिम’ लिहू की ‘पुरातन’, यावर अडले. तेव्हा कुठे दोन महिने फोनमध्ये पडून असलेलं हे व्युत्पत्तिकोशाचं अ‍ॅप उघडलं.

शब्द टाकला की खाली त्याचं झाड उलगडतं. लॅटिन ‘प्रीमुस’ म्हणजे पहिला, ‘ऐवुम’ म्हणजे आयुष्य, काळ, युग. ‘ऐवुम’वर बोट टेकवलं, तर शेजारच्या फांदीवर संस्कृत ‘आयुस्’! ‘प्रीमुस’च्या शेजारी ‘प्रथम’. मग काय, तासभर गेला. ‘मेडीव्हल’मध्ये तोच ‘ऐवुम’, आधी ‘मेदिउस’, म्हणजे मध्य. ‘लाँजेव्हिटी’तही तोच, आपलं दीर्घायुष्य. लॅटिनने हे शब्द संस्कृतातून उचललेले नाहीत, दोन्ही एकाच मुळाची भावंडं. फांद्या वेगळ्या दाखवल्यात ते बरं केलं, नाहीतर आमच्याकडे वाद पेटला असता.

खरी गंमत पुढे. लॅटिनमध्ये ‘प्रीमैवुस’ म्हणजे आयुष्याच्या पहिल्या बहरातला, कोवळा. रोमन कवी व्हर्जिलने ‘ईनिड’ या महाकाव्यात हे विशेषण तरुण पोरांना लावलंय. इंग्रजीत १७व्या शतकात ‘प्रायमीव्हल’ आला तो जगाच्या पहिल्या वयासाठी. म्हणजे जो शब्द मिसरूड फुटणाऱ्या पोराला शोभायचा, तो सगळ्यात म्हाताऱ्या जंगलांना चिकटला. अख्ख्या नोंदीतली सर्वात रसाळ गोष्ट, आणि अ‍ॅपवाल्यांनी ती करड्या, बारीक अक्षरांत एका ओळीत उरकलीय. चष्मा लावूनही मला दुसऱ्यांदा दिसली.

एक तारा कापलाय तो त्यासाठी, आणि शोधपट्टीसाठी. या शब्दाचं ‘ए-ई’वालं जुनं स्पेलिंग टाकलं तर ‘शब्द सापडला नाही’. जुन्या शब्दांच्या कोशाला जुनं स्पेलिंग चालू नये? संस्कृत शब्दही रोमन लिपीत, डोक्यावर रेघा दिलेले. ‘आयुस्’ क्षणभर ओळखूच आला नाही. उच्चाराचं बटण फक्त इंग्रजीला, लॅटिन मुकंच.

तरी ठेवणार आहे. शेवटी ‘आदिम अरण्य’ लिहिलं. ‘पुरातन’मध्ये नुसतं जुनेपण होतं, मला त्यातला ‘प्रीमुस’ हवा होता.