वाळू की उघडी काच: रीफ टँकचा तळ ठरवताना

रीफ टँकच्या, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, तळाला काय घालायचं हा प्रश्न बहुतेक जण दिसण्यावरून सोडवतात. पांढरी वाळू शोभून दिसते, म्हणून ती येते. कोरलच्या तब्येतीच्या अंगाने पाहिलं तर निवड तिघांत उरते: साखरेसारखी बारीक अरॅगोनाइट वाळू, १ ते २ मिलिमीटर दाण्याची वाळू, आणि उघडी काच. तिन्ही मी वापरून पाहिलं आहे. कोरलचा भरड चुरा यात धरलेला नाही. त्याच्या फटींत घाण जाऊन बसते आणि सायफन (घाण ओढून काढणारी नळी) कितीही फिरवला तरी नायट्रेट (घाणीपासून तयार होणारा क्षार) चढतंच.

वाळूच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू येतं ते 'वाळू पीएच सांभाळते' हे. अरॅगोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, पण ८.१ ते ८.३ पीएचच्या पाण्यात ते जवळपास विरघळत नाही. कोरलना कॅल्शियम पुरवणाऱ्या कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये तेच विरघळवायला कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणावा लागतो. त्यामुळे केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता) आणि कॅल्शियमचं डोसिंग (बाहेरून मोजून घालणं) वाळू असो वा नसो सारखंच करावं लागणार, हा मुद्दा तुलनेतून बाजूला काढलेला बरा.

वाळूचे खरे गुण वेगळे आहेत. पांढऱ्या तळावरून उजेड परत वर येतो आणि कोरलच्या फांद्यांच्या खालच्या अंगालाही थोडा मिळतो. बॅक्टेरियांना भरपूर जागा मिळते, सूक्ष्मजीव आणि किडे वाढतात. दहा-बारा सेंटिमीटरचा खोल थर असेल तर खाली ऑक्सिजन पोहोचत नाही आणि तिथले बॅक्टेरिया नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात याची फारशी आशा ठेवू नये. आणि हल्ली बहुतेकांचा थर तेवढाच असतो.

आता माझा निर्णय ज्याने झाला ते सांगतो: वाळू उडते. वाचायला किरकोळ वाटेल, पण रोज त्याच्यासोबत राहायचं असतं. अ‍ॅक्रोपोरा, मोंटिपोरा अशा एसपीएस (बारीक पॉलिपच्या, कडक सांगाड्याच्या) कोरलना जोरदार प्रवाह लागतो. टँकमधलं पाणी तासाला ३० ते ५० पट फिरलं पाहिजे, असं साधारण धरतात. बारीक वाळूवर तेवढा वेग दिला की पॉवरहेडसमोर (टाकीत प्रवाह देणारा पंप) काच उघडी पडते आणि पलीकडच्या कोपऱ्यात टेकडी उभी राहते. ते सरळ करता येतं. उडालेली वाळू कोरलवर बसते, ती मात्र सहज निघत नाही.

माझ्याकडे वाटीसारखी वळत जाणारी मोंटिपोरा होती. तिच्या खोलगट भागात चमचाभर वाळू साचायची. संध्याकाळी मोठ्या पिपेटने फुंकून काढावी, तर सकाळी पुन्हा तेवढीच. वाळूखाली रंग आधी फिका पडला, मग तिथलं मांस गेलं आणि नखाएवढा पांढरा सांगाडा उघडा पडला. त्यावर हिरवं शेवाळ धरलं. एकदा शेवाळ बसलं की कडेचं जिवंत मांस त्यावर परत चढायला फार वेळ घेतं. मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपचे) कोरल फुगून आणि चिकट स्राव सोडून वाळू झटकतात, पण तीही त्यांची शक्तीच खर्च होते. शेवटी मी पॉवरहेडचा वेग कमी करत गेलो. टँकमध्ये प्रवाह किती ठेवायचा हे कोरलच्या गरजेऐवजी वाळू ठरवायला लागली, आणि तिथेच माझं मन वाळूवरून उठलं.

१ ते २ मिलिमीटरच्या दाण्याने हा त्रास बराच कमी होतो, हे मान्य करतो. पण तळाजवळ प्रवाह जपूनच ठेवावा लागतो, दाण्यांमध्ये घाण मुरते, आणि वाळू चाळणारा गोबी मासा असेल तर तो तोंडातली वाळू कोरलवर नेऊन टाकतोच.

उघड्या काचेवर पॉवरहेड थेट तळाकडे वळवता येतो. घाण तरंगत राहून ओव्हरफ्लोमार्गे (वरचं पाणी बाहेर पडण्याची वाट) घाण फेसात ओढणाऱ्या स्किमरकडे जाते. जी उरते ती डोळ्यांना दिसते आणि पाणी बदलताना निघते. फॉस्फेटच्या बाबतीतही फरक आहे. कार्बोनेटची वाळू फॉस्फेट धरून ठेवते आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडते. खडकही तेच करतो, पण वाळू नसली की साठा तेवढा कमी. काच उघडी केल्यानंतर माझ्या अ‍ॅक्रोपोराचे पॉलिप (कोरलचे इवले जीव) दिवसाही जास्त बाहेर दिसू लागले. याचं मोजमाप माझ्याकडे नाही, डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. तुमच्या टँकमध्ये वेगळंही दिसू शकेल.

उणिवा आहेतच. पाणी फार स्वच्छ होऊन नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं तर कोरल फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्सना (चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) वाव मिळतो, तेव्हा माशांना पोटभर खायला घालावं. सुरुवातीचे महिने काच ओकीबोकी दिसते, मग कोरलाइन शेवाळाचा जांभळा थर चढतो. ग्रीन स्टार पॉलिप जातीचे कोरल असतील तर ते तळभर पसरतील, त्यांना वेगळ्या दगडावरच ठेवा.

ट्रॅकिफिलिया, सायनरिना, फंजिया हे मुळात वाळूवर राहणारे कोरल. कडक पृष्ठभागावर त्यांचं मऊ मांस घासलं जातं. तुमचा जीव यांच्यावरच असेल, तर मध्यम दाण्याची वाळू घ्या, मी आग्रह धरणार नाही. एसपीएससोबत असे एक-दोनच ठेवायचे असतील किंवा रात्री वाळूत शिरून झोपणारा रास (wrasse) मासा असेल, तर कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात पसरट काचेच्या भांड्यात पाच-सहा सेंटिमीटर वाळू भरून ठेवली की भागतं.

वाळू आधीच घातलेली असेल तर ती एका झटक्यात काढू नका. दर वेळी पाणी बदलताना सायफनने एक पट्टा काढा आणि पुढच्या पट्ट्याआधी अमोनिया तपासा. जुना खोल थर असेल आणि खाली काळपट पट्टा दिसत असेल, तर तिथे हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. अशा वेळी मासे आणि कोरल दुसऱ्या टाकीत हलवूनच हात घाला.