मुंकचा ‘स्टिंडबर्ग’ घेताना सांभाळा

युरोपात राहून जुनी छापचित्रं ऑनलाइन धुंडाळणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. बर्लिनमध्ये माझे नऊशे युरो गेले, ते नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकच्या नावावर.

चित्र प्रसिद्ध आहे. नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्गचं 1896 मधलं काळंपांढरं लिथोग्राफ, आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांसारखं दगडावरून छापलेलं. रोखून बघणारा चेहरा, पुढे एक्सप्रेशनिस्टांनी, म्हणजे मनातली खळबळ चित्रात उतरवणाऱ्यांनी, उचललेली ती अस्वस्थ रेघ, आणि चौकटीतल्या नागमोडी रेषांत एक नग्न बाई. बायकांबद्दल स्ट्रिंडबर्गची कडवट मतं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यातला खोडसाळपणा कळेल. चित्रावर नाव लिहिताना मुंकने ‘र’ गाळला: ‘स्टिंडबर्ग’. लेखकमहाशय भडकले, यात नवल नाही.

विक्रेत्याने नेमका हाच ‘र’ मला विकला. ‘‘स्पेलिंग चुकलंय बघा. नकली असतं तर सुधारलं नसतं का?’’ पण चित्राचा फोटो काढून छापला की चूकही आपोआप छापली जाते! खाली पेन्सिलची सही, सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र, त्यावर मुंकच्या छापचित्रांच्या कॅटलॉगमधला क्रमांक. क्रमांक खरा निघाला. पण तो चित्राचा, माझ्या हातातल्या कागदाचा नव्हे. विक्रेता बोट ठेवून जे जे दाखवत होता ते सगळं चित्रातलं होतं, आणि नक्कल तर चित्राचीच होते. कागदाबद्दल विचारलं की, ‘‘फ्रेम उघडू नका, जुना कागद फाटेल.’’

फ्रेमवाल्या बाईंनी ती उघडली. दहापट भिंगाखाली करड्या भागात ओळीने बसलेले ठिपके दिसले, म्हणजे ऑफसेट, फोटोवरून यंत्राने केलेली छपाई. दगडावर तेलकट खडूने ओढलेली रेघ दाणेदार, वेडीवाकडी दिसते. तिच्यात अशी जाळी नसते. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला. ती चमक आणणारी रसायनं कागदात सर्रास आली 1950 च्या सुमारास, आणि मुंक वारला 1944 मध्ये. मूळ छाप साधारण 60 बाय 46 सेंमी. हा बराच लहान, जाहिरातीत माप दिलंच नव्हतं. कहर म्हणजे चारी बाजूंना दाबाची कड उठवली होती, ‘प्रेसची खूण’ म्हणून. तशी कड तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या एचिंगला येते, दगडी छपाईला सहसा येत नाही. अतिशहाणा कुठला!

पैसे त्याने पेपलच्या ‘मित्र आणि कुटुंब’ पर्यायातून मागितले, कमिशन वाचतं म्हणून. त्या पर्यायाला खरेदीदार संरक्षण मिळत नाही. युरोपीय संघात ऑनलाइन दुकानदाराला वस्तू 14 दिवसांत परत करता येते, खासगी विक्रेत्याला नाही. याने तळाशी बारीक अक्षरांत ‘खासगी विक्री, परत घेणार नाही’ लिहूनच ठेवलं होतं. पण जर्मन कायद्यात जाणूनबुजून फसवणाऱ्याला त्या ओळीआड लपता येत नाही. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट आणि भिंगातून काढलेले फोटो जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. चॅटमध्ये ‘1896 चा मूळ छाप’ हे शब्द त्याचेच आहेत. सगळं फोनवरच ठरलं असतं, तर तेवढंही हाती राहिलं नसतं.

त्याच्या खात्यावर आता मुंकनेच काढलेला फ्रेंच कवी मालार्मे लागलाय, 1897 चा. सही पेन्सिलचीच, माप याही वेळी दिलेलं नाही.