समजूत घालावी, साथ द्यावी की औषध सुरू करावे? स्मृतिभ्रंशातील अवघड वागण्यासाठीच्या पर्यायांची तुलना

स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताचा सांभाळ करताना विसराळूपणापेक्षा घरच्यांना अधिक थकवतात ते चोरीचे आळ, तोच तो प्रश्न, संध्याकाळी वाढणारी घालमेल, रात्रीच्या येरझाऱ्या आणि अंघोळीला दिलेला ठाम नकार. हे आजारापासून वेगळे काढता येत नाही. अल्झायमरचा आजार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्णेची हकीकत मांडली, तिच्या आजाराची सुरुवातही नवऱ्याविषयीच्या संशयानेच झाली होती.

पर्याय निवडण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे हे वागणे दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाले आहे का. तसे असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवे औषध किंवा सांगता न येणारे दुखणे यांचा शोध डॉक्टरांकडून आधी करून घ्यावा. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांमधल्या ३५२ रहिवाशांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे वेदनांवर पद्धतशीर उपचार केले, तेव्हा अस्वस्थता स्पष्टपणे कमी झाली, आणि त्यांतील बहुतेकांना दिलेले औषध साधे पॅरासिटामॉल होते.

घरात खरा वाद होतो तो चूक दुरुस्त करावी की त्या माणसाच्या कलाने घ्यावे, यावर. आजार सौम्य असताना दुरुस्तीचा उपयोग होतो. भिंतीवरचे मोठे घड्याळ, तारीख दाखवणारा फलक आणि विचारल्यावर शांतपणे दिलेले खरे उत्तर यांनी त्या व्यक्तीला आधार वाटतो. मधल्या टप्प्यात मात्र हा मार्ग बहुधा उलटतो, कारण आपण दिलेले स्पष्टीकरण दहा मिनिटांत पुसले जाते आणि आपल्याला खोटे ठरवल्याची बोच मात्र मागे राहते. कितीतरी वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांची वाट पाहणाऱ्या आईला ते वारल्याचे प्रत्येक वेळी सांगितले, तर ती बातमी तिला प्रत्येक वेळी नव्यानेच कळते. त्याऐवजी “बाबांची आठवण येते आहे का? ते किती वाजता घरी यायचे?” असे विचारले, तर खोटेही बोलावे लागत नाही आणि तिला बोलायला वाट मिळते. नाओमी फाइल यांनी मांडलेल्या ‘व्हॅलिडेशन’ पद्धतीचा गाभा हाच आहे. या पद्धतीमागचा संशोधनाचा पुरावा भक्कम नाही, हे मान्य करूनही मधल्या टप्प्यासाठी मी तीच निवडेन, कारण ती जमली नाही तरी नुकसान थोडे होते.

चोरीच्या संशयात नुसती साथ पुरत नाही, कारण वस्तू खरोखरच हरवलेली असते. चष्मा उशीच्या अभ्र्यात किंवा पर्स घडी केलेल्या साड्यांच्या मध्ये सापडते. पण आपण एकट्याने जाऊन ती चटकन काढून आणली, तर “म्हणजे तूच ठेवली होतीस” हे ऐकावे लागते. म्हणून “चल, दोघी मिळून शोधू” म्हणावे, लपवण्याच्या नेहमीच्या जागा लक्षात ठेवाव्यात आणि शक्य असल्यास तशीच दुसरी पर्स जवळ बाळगावी.

लक्ष दुसरीकडे वळवणे हा सर्वांत झटपट मार्ग आहे, पण भीती किंवा लाज मूळाशी असेल तेव्हा तो तोकडा पडतो. अंघोळीच्या नकाराला गप्पांनी बगल देण्यापेक्षा अंग उबदार टॉवेलने झाकून एकेक भाग उघडत पुसून काढणे अधिक उपयोगी पडते.

औषधाचा तराजू वेगळा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या मनोविकारविरोधी (अँटिसायकोटिक) औषधांवर कडक इशारा छापायला लावला, कारण साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ४.५ टक्के, तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांमध्ये २.६ टक्के आढळले. स्मृतिभ्रंशाच्या ‘लेवी बॉडी’ नावाच्या प्रकारात ही औषधे विशेष घातक ठरू शकतात, त्यामुळे निदान कोणत्या प्रकाराचे आहे हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये. भटकणे, वस्तू साठवणे आणि तोच प्रश्न विचारणे यांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. मारहाण होत असेल, किंवा भासांमुळे त्या व्यक्तीचा जीव अक्षरशः घाबरा होत असेल आणि इतर उपाय करून झाले असतील, तर मात्र केवळ भीतीपोटी औषध नाकारणेही योग्य नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शिका सांगते की पुरेशी मात्रा देऊनही चार आठवड्यांत फरक न पडल्यास औषध हळूहळू कमी करून थांबवावे आणि फरक पडला तरी सुरू केल्यापासून चार महिन्यांच्या आत ते कमी करून पाहावे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभराची वही लिहावी: काय घडले, किती वाजता, त्याआधी खोलीत कोण होते, झोप आणि शौचास कसे झाले, आणि शेवटी कशाने शांत वाटले. “फार त्रास देतात” एवढेच सांगितले, तर बहुधा गोळी लिहून मिळते. वहीत मात्र कधी कधी असे दिसते की आरडाओरडा रोज कपडे बदलतानाच होतो आणि तोही डावा हात वर केला की.