कार्बनच्या नावाखाली विकलेलं फायबरचं बॉनेट : पैसे देण्याआधी काय काय तपासावं

ऑर्डर घेताना विकणाऱ्यानं सांगितलं होतं : दोन्ही बाजूंनी अस्सल कार्बन फायबर (कार्बनच्या धाग्यांचं हलकं साहित्य), वजन साडेपाच किलो, थेट कंपनीच्या बिजागरीवर बसणार, काहीही कापाकापी नाही. किंमत ४२,००० रुपये, निम्मे आधी आणि निम्मे माल आल्यावर. गाडी पुण्यातली फोक्सवॅगन पोलो. बॉनेट आलं, विकणाऱ्याच्याच ओळखीच्या फिटरनं ते बसवलं, उरलेले पैसेही गेले आणि जुनं पत्र्याचं बॉनेट ‘एक्स्चेंज’मध्ये ३,००० रुपये धरून फिटर घेऊन गेला. पुढं पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर वेग नव्वदच्या वर गेला की बॉनेटची पुढची कड थरथरायला लागली, म्हणून गाडी तपासायला आली. बॉनेट उतरवून काट्यावर ठेवलं, तर भरलं ११ किलो ८०० ग्रॅम.

ही फसवणूक एकट्यादुकट्याची नाही. जवळपास असंच बनवलेलं बॉनेट वेगवेगळ्या गाड्यांसाठी, वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. म्हणून आत नेमकं काय भरलेलं असतं ते आधी समजून घ्या. ते एकदा कळलं की विकणाऱ्यानं कितीही गोड बोललं तरी फरक पडत नाही.

या बॉनेटच्या बिजागरीजवळ फिटरनं एक भोक ड्रिलनं मोठं केलं होतं. भोकाच्या कडेला टॉर्च मारला की सगळे थर दिसत होते. वर पारदर्शक थर, त्याखाली कार्बनच्या कापडाचा एकच काळा थर, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ. त्याखाली अडीच-तीन मिलिमीटर हिरवट-पांढरं काचेचं फायबर. त्याच्याही खाली काळा रंग, आतली बाजू कार्बनसारखी दिसावी म्हणून फवारलेला. थोडक्यात, फायबरच्या पाण्याच्या टाक्या ज्या मॅटनं (काचेच्या तुटक धाग्यांच्या चादरीनं) बनतात तीच मॅट, वर एक कार्बनचं कापड चढवलेली.

आता वजनाचा हिशेब मांडू, कारण चोरी तिथंच पकडली जाते. छोट्या हॅचबॅकच्या बॉनेटचं क्षेत्रफळ साधारण सव्वा चौरस मीटर धरा. बाहेरचा पत्रा ०.७ मिमी असेल तर चौरस मीटरला साडेपाच किलो, म्हणजे नुसता बाहेरचा पत्रा सात किलोच्या आसपास. आतली चौकट आणि पट्ट्या धरून पूर्ण बॉनेट अकरा-बारा किलोपर्यंत जातं. २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅमचं) कार्बन कापड व्हॅक्यूम इन्फ्यूजननं, म्हणजे हवा ओढून त्यात रेझिन (धागे घट्ट धरणारा, पिकून कडक होणारा द्रव) शोषवून केलं, तर रेझिनसकट एका थराचं वजन चौरस मीटरला ३३० ग्रॅमच्या आसपास भरतं. चार थरांची बाहेरची कातडी दोन किलोच्या आतच राहते. आतली चौकट, धातूच्या प्लेटा, चिकटवणारं ॲढेसिव्ह आणि क्लिअर कोट मिळवला तरी साडेचार ते सहा किलोत काम संपतं. याउलट ४५० जीएसएमची काचेची मॅट हातानं पॉलिस्टर रेझिनमध्ये भिजवली की चौरस मीटरला एक थर दीड किलोचा होतो, कारण मॅट स्वतःच्या दुपटीहून जास्त रेझिन पिते. असे तीन थर, एक कार्बन आणि जेलकोट (वरचा नुसत्या रेझिनचा थर) मिळून चौरस मीटरला साडेपाच किलो, म्हणजे अगदी पत्र्याएवढंच! वजन कमी करायला म्हणून घेतलेल्या वस्तूनं एक किलोही वाचवला नाही.

म्हणून पहिली अट : माल समोर आला की गाडीकडे वळायच्या आधी तो काट्यावर ठेवा. किराणा दुकानातला, भंगारवाल्याचा, कुरिअरवाल्याचा, कुठलाही काटा चालेल. कबूल केलेल्या वजनापेक्षा अर्धा किलो इकडे-तिकडे समजू शकतो, कारण क्लिअर कोट आणि चिकटवणीत तेवढा फरक पडतो. दुप्पट वजन म्हणजे आत काच आहे, त्यावर वाद घालत बसायचं कारण नाही. ‘मजबुतीसाठी जास्त थर दिलेत’ हे उत्तर ठरलेलं असतं. कार्बनचे जास्त थर देऊन वजन दुप्पट करायचं तर आणखी तेरा-पंधरा थर लागतील आणि एवढं कापड ४२,०००मध्ये कुणी देत नाही.

काटा नसेल तर मल्टिमीटर काढा. कार्बन वीज वाहून नेतो, काच नेत नाही. बॉनेटला जिथं भोक आहे तिथली कड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकीच घासून रेझिन काढा आणि दोन्ही प्रोब उघड्या धाग्यांवर टेका. कार्बन असेल तर काही ओहमचं वाचन येतं, काच असेल तर मीटर ढिम्म राहतो. ही तपासणी आतल्या बाजूलाही करा, कारण वरचा एक थर खरा कार्बनच असल्यामुळे फक्त वरून पाहिलं तर मीटरही फसतो. घासलेली भुकटी पांढऱ्या कागदावर झटका : कार्बनची काळी पडते, काचेची पांढरट. घासताना एन-९५ मास्क लावा, दोन्ही भुकट्या फुप्फुसाला वाईट.

नाकाचाही उपयोग होतो. खोका उघडताच ताज्या फायबरचा, नाकात झोंबणारा वास आला तर तो स्टायरीनचा, म्हणजे रेझिन पॉलिस्टर आहे. नीट पिकलेल्या इपॉक्सीला, म्हणजे त्याहून महाग रेझिनला, जवळपास वास नसतो. याहून स्वस्त प्रकारात तर कार्बन नसतोच, पाण्यावर तरंगणाऱ्या फिल्मनं छापलेली नुसती नक्षी असते. खऱ्या २×२ ट्विल (तिरकस रेघांच्या) विणीत उन्हात मान हलवली की चौकड्या उजळतात आणि काळवंडतात, आणि वळणावर कापड ओढलं गेल्यामुळे रेषा थोड्या वाकतात. छापील नक्षी कुठूनही बघा, सपाटच दिसते. तुकडे विखुरलेल्या ‘फोर्ज्ड कार्बन’ नक्षीत छपाई ओळखायला जास्त अवघड जाते, तिथं मल्टिमीटरच वापरा.

वजन वाचलं नाही एवढंच नुकसान असतं तर पैसे गेले म्हणून सोडून देता आलं असतं. पण या रचनेत धोका आहे आणि तो कुठून येतो ते फार कमी लोकांना माहीत असतं. काचेच्या मॅटचे तुकडे एका बाइंडरनं धरून ठेवलेले असतात. तो बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. त्यामुळे मॅट वापरायची तर पॉलिस्टरच घ्यावं लागतं, शिवाय ते स्वस्तही. आता वरचं कार्बन कापड चकाकावं म्हणून इपॉक्सीत केलं आणि ते सुकल्यावर मागून पॉलिस्टर मारलं, तर पॉलिस्टर पिकलेल्या इपॉक्सीला नीट धरत नाही. महिना-दोन महिने उन्हाचे चटके आणि इंजिनची उष्णता बसली की दोन्हींमध्ये पापुद्रा सुटतो. नखानं टकटक केली तर चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी भद्द. या पोलोच्या बॉनेटवर टर्बोच्या वरच्या बाजूला तळहाताएवढी जागा अशी भद्द वाजत होती.

त्याहून वाईट अवस्था होती लॅचची, म्हणजे बॉनेट बंद धरणाऱ्या खिटीच्या जागेची. बॉनेट बंद ठेवणारा स्ट्रायकर (लॅचमध्ये अडकणारी कडी) कंपनीच्या बॉनेटमध्ये जाड पत्र्याच्या पट्टीवर असतो. चांगल्या कार्बन बॉनेटमध्ये थर चढवतानाच त्या जागी धातूची प्लेट गाडतात, म्हणजे ओढ एका बिंदूवर न येता पसरते. इथं प्लेटच नव्हती. स्ट्रायकर चार पॉप रिव्हेटनं काचेच्या फायबरवर ठोकला होता. त्यातले दोन रिव्हेट सैल झाले होते आणि त्यांच्या भोवती तडे होते. हायवेच्या वेगात हवा बॉनेटच्या पुढच्या कडेला उचलते आणि ती सगळी ओढ स्ट्रायकरवरच येते. उरलेले दोन सुटले असते तर दुसरा सुरक्षा हूकही कामी आला नसता, कारण तोही त्याच तुकड्यावर होता. बॉनेट उलटून गाडीच्या पुढच्या काचेवर आदळलं असतं. आतून पाहताना म्हणून सर्वांत आधी स्ट्रायकर आणि बिजागरीच्या जागा बघा. रिव्हेट दिसले, किंवा लाकडात वापरतात ते स्क्रू दिसले, तर ते बॉनेट गाडीवर चढवूच नका.

कंपनीच्या बॉनेटच्या आतल्या चौकटीत मुद्दाम दाबून केलेल्या कमकुवत रेषा असतात. समोरून धडक बसली की बॉनेट तिथं दुमडून तंबूसारखं वर येतं, मागं सरकून काचेत घुसत नाही. स्वस्त फायबरमध्ये हा विचारच नसतो. लॅच भक्कम असलं तरी अपघातात ते बॉनेट कसं वागेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

बसवण्याची पद्धत थोडक्यात सांगायला हवी, कारण फिटिंगच्या नावाखालीही फसवतात. जुनं बॉनेट काढण्याआधी दोन्ही फेंडरच्या (पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांच्या) कडांना आणि काचेखालच्या काउलला मास्किंग टेप लावायची. बिजागरीच्या बोल्टभोवती मार्करनं खुणा करायच्या, वॉशरची नळी सोडायची, दोघांनी मिळून बॉनेट उचलायचं. नवं बॉनेट आधी नुसतं ठेवून बघायचं, बोल्ट हातानं दोन-तीन आटे एवढेच. दोन्ही फेंडरशी आणि हेडलॅम्पशी फट चार-पाच मिलिमीटर एकसारखी आली पाहिजे. फट मागं बरोबर आणि पुढं दहा मिमी येत असेल तर पॅनेलच पिळलेलं आहे, साच्यातून अर्धवट पिकलेलं काढलेलं. बिजागरी ठोकून ते सुधारत नाही. ‘चालवल्यावर आपोआप सेट होतं’ असं फिटर म्हणाला तर तिथंच थांबा. आधी बिजागरी, मग रबरी स्टॉपर, शेवटी लॅच, हा क्रम सोडायचा नाही. बॉनेट पहिल्यांदा बंद करताना आपटायचं नाही, हातानं दाबून लॅच पकडतं का ते बघायचं. मॅन्युअलमधला टॉर्कचा (बोल्ट किती आवळायचा त्याचा) आकडा पत्र्यासाठी असतो. तो धातूच्या प्लेटवरच वापरायचा. नुसत्या लॅमिनेटवर तेवढा आवळला तर थर चिरडतात, म्हणून मोठा वॉशर हवाच. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळ गाडी राहत असेल तर कार्बन आणि स्टील किंवा ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला. खाऱ्या ओलाव्यात कार्बनला टेकलेला धातू झपाट्यानं गंजतो. आणि गाडीला गॅसचे स्ट्रट (बॉनेट वर उचलून धरणारे दांडे) असतील तर लक्षात ठेवा, ते जड बॉनेटसाठी मोजलेले असतात. हलक्या कार्बनला ते मधून वाकवतात, म्हणून कमी न्यूटनचे (कमी जोराचे) स्ट्रट किंवा साधा टेकूचा दांडा घ्या.

ज्या बॉनेटला ‘कापाकापी नाही’ असं सांगितलं होतं, त्याला फिटरनं भोक का मोठं केलं? कारण बसतच नव्हतं. पण भोक पडलं की विकणारा म्हणतो, माल वापरलाय, परत नाही. जुनं बॉनेट एक्स्चेंजमध्ये नेण्यामागंही हीच खेळी असते. परत फिरायला गाडीचं मूळ बॉनेटच उरत नाही, मग माणूस आहे ते चालवून घेतो. जुनं बॉनेट कुणालाही देऊ नका, गाद्यांच्या जुन्या फोमवर उभं करून घरीच ठेवा.

बिलाकडेही बघा. या बिलावर फक्त ‘कार बॉडी पार्ट’ एवढंच लिहिलं होतं, पैसे एका व्यक्तीच्या खासगी यूपीआयवर घेतले होते आणि जीएसटी क्रमांक नव्हता. बिलावर लिहून घ्यायचं ते असं : बाहेरची आणि आतली दोन्ही बाजू कार्बन, रेझिन इपॉक्सी, बनवण्याची पद्धत व्हॅक्यूम इन्फ्यूजन की प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कापड), वजन किती किलो, यूव्ही संरक्षणाचा टू-के (दोन घटक मिसळून मारायचा) क्लिअर कोट. ‘कार्बन फिनिश’ किंवा ‘कार्बन लुक’ असे शब्द आले तर कार्बन नाही असंच समजा. जीएसटी क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७नं आणि गोव्याचा ३०नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं.

कायद्याची बाजू : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. परवानगीबाहेरच्या बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

फसवणूक झालीच असेल तर बॉनेट दुरुस्त करू नका, रंगवू नका, फेकू नका. काट्यावरचा फोटो आकडा दिसेल असा काढा, भोकाची कड जवळून घ्या, ‘दोन्ही बाजूंनी कार्बन’ असं लिहिलेला चॅट आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवा. आधी विकणाऱ्याला लेखी मागणी पाठवा. त्यानं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही. पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल आणि फोन बंद असेल तर तो सायबर गुन्हा. त्यासाठी सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच, त्याच तासात फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळण्याआधीच ते गोठवता येतात.