डबा फर्स्ट क्लास, फॉर्म मात्र शेवटचंच ऐकते

दोन महिन्यांपासून हा डबा घेऊन राहिलो, नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या बाजूला आहे, नाव मुद्दाम टाकत नाही काहून की चूक जेवणाची नाहीच आणि साईट ज्यानं बनवली तो डबा बनवणाऱ्या काकूंचा भाचा, अजून कॉलेजात आहे बिचारा. जेवणाला पाचपैकी साडेचार. पोळ्या दुपारी दोनलाही मऊ, गुरुवारच्या पाटोडी रश्शाला खरी तर्री, वरणावर सांबार सढळ हातानं (पुण्याच्या लोकांनो, कोथिंबीर म्हणून राहिलो, इडलीवालं नाही). अर्धा पॉइंट कापला तो रश्शाच्या डब्याच्या झाकणासाठी, दोनदा बॅगेत सांडला.

आता साईट. महिन्याच्या सुरुवातीला एक फॉर्म भरायचा, त्यात "काय नको" अशी लांबलचक यादी, हवे तेवढे आयटम निवडा. आईला वांग्यानं तोंडाला खाज सुटते, बाबांना दाणे चालत नाही, आणि ढेमसं मला पाहवत नाही. तिन्ही निवडले, सबमिट केलं, हिरवी टिक आली. पहिल्याच सोमवारी आलू-वांगं! फोन केला तर काकू म्हणे, "बेटा, तुझ्या चिठ्ठीवर तं फक्त ढेमसं नको लिहिलं आहे."

आपला धंदाच हा, वेब डेव्हलपमेंटचा, त्यामुळे राग कमी आणि खाज जास्त. ब्राउझरमध्ये नेटवर्क टॅब (साईटला काय पाठवलं ते तिथे दिसते) उघडून पुन्हा फॉर्म पाठवला तर तिन्ही नीट जाऊन राहिले होते: नको=वांगं, नको=दाणे, नको=ढेमसं. म्हणजे ब्राउझर बरोबर, समोरचा ऐकत नाही. मग मुद्दाम ढेमसं आधी आणि वांगं सगळ्यात शेवटी क्लिक केलं, तरी ढेमसंच जिंकलं, कारण ब्राउझर क्लिकच्या क्रमानं नाही, यादीच्या क्रमानं पाठवते आणि ढेमसं यादीत खाली आहे. इथेच शंका आली की साईट पीएचपीत (साईट बनवायची एक प्रोग्रामिंग भाषा) असणार. पीएचपीला एकाच नावानं तीन व्हॅल्यू आल्या की तो आधीच्या पुसत जातो, हातात शेवटची राहते. एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही. नावापुढे रिकामा चौकोनी कंस लावला, म्हणजे "नको[]", की तो त्याचा ॲरे, म्हणजे यादी, करतो. दोन अक्षरांची गोष्ट, आणि आईनं महिनाभर वांगी बाजूला काढली.

भाच्याला एकट्याला दोष देत नाही, साईट बनवायच्या बाकी साधनांतही हाच घोळ. जँगोत गेट (व्हॅल्यू मागवायचं फंक्शन) वापरलं तर शेवटचं मिळते, फ्लास्कमध्ये गेट वापरलं तर पहिलं, दोन्हीकडे सगळे पाहिजे तर गेटलिस्ट. जावावाल्यांचं गेटपॅरामीटरही पहिलंच देते, सगळ्यांसाठी गेटपॅरामीटरव्हॅल्यूज. एक्सप्रेसमध्ये तर एकच निवडलं की साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) येते आणि दोन निवडले की ॲरे, मी एकदा न बघता त्यावर लूप (एकेक घटक घेत जाणारा कोड) फिरवला होता तर "वांगं" मधून व, काना, अनुस्वार, ग अशा वेगवेगळ्या भाज्या निघाल्या. जो तो आपल्या मनानं वागते.

मग एका रविवारी काकूंच्या स्वयंपाकघरात स्टूलवर बसून भाचा आणि मी दुरुस्तीला लागलो. कंस लावला, खूश झालो, घरी गेलो. सोमवारी सकाळी काकूंचा फोन, "बेटा, सगळ्याच चिठ्ठ्यांवर 'नको: ॲरे' आलं आहे, हे ॲरे कोणती भाजी असते?" झालं काय तर आतला कोड अजून स्ट्रिंग समजूनच डेटाबेसमध्ये भरत होता, आणि पीएचपी ॲरेला स्ट्रिंग करायला गेला की "ॲरे" एवढा शब्दच लिहून टाकतो. वॉर्निंग देते, पण ती लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत), लॉग वाचणार कोण. घाईघाईत कॉमा लावून जोडून टाकलं आणि त्या दिवसाचे डबे कसेबसे निघाले.

दुसरा घोळ एका गिऱ्हाईकानं शोधला. श्रावणात त्यांनी कांदा-लसूण नको म्हणून भरलं होतं, श्रावण संपल्यावर सगळं अनसिलेक्ट करून सेव्ह केलं, तरी डबा बिनकांद्याचाच! याचं कारण असं की काहीच निवडलं नाही तर ब्राउझर रिकामी व्हॅल्यू पाठवत नाही, ते नावच पाठवत नाही. कोड म्हणतो "नको" आलंच नाही म्हणजे बदल नाही, जुनंच ठेवतो. आता त्याच नावाचं, कंसासकट, एक रिकामं हिडन फील्ड (स्क्रीनवर न दिसणारा रकाना) यादीच्या आधी टाकलं आहे, त्यामुळे काही निवडलं नसलं तरी नाव जाते, आणि आत रिकामी व्हॅल्यू गाळून टाकतो. आलेला प्रत्येक आयटम आपल्या यादीत आहे का तेही तपासायला लावलं, नाहीतर कोणी काहीही पाठवेल.

यादीच्या जागी चेकबॉक्स करवून घेतले, याचं काकूंना जास्त कौतुक. मोबाईलवर ठीक होतं, पण लॅपटॉपवर कंट्रोल न दाबता दुसरं क्लिक केलं की पहिलं निघून जायचं, आणि कंट्रोल दाबायचा हे सांगणार कोण.

साईटला आता पाचपैकी तीन, आधी एक दिला असता. बाकी दोन कांदापातीमुळे अडकले. कॉमानं जोडलेल्या मजकुरात "कांदा" शोधला की "कांदापात" पण सापडते, त्यामुळे ज्यांना फक्त पात नको त्यांचाही डबा बिनकांद्याचा जाऊन राहिला. एका गिऱ्हाईकाच्या एका आयटमला एक ओळ असा वेगळा टेबल करायचा आहे, भाच्याची परीक्षा संपली की बसतो म्हणे. काकूंनी त्या रविवारी वडाभात कबूल केला आहे.