पुनावळ्यातला नवा फ्लॅट की चिंचवडगावातला जुना?

माझ्या मेहुण्याचं सध्या तेच चाललंय जे आमचं तीन वर्षांपूर्वी चाललं होतं. रविवार उजाडला की सॅम्पल फ्लॅट. संध्याकाळी घरी येताना हातात दोन जाडजूड ब्रोशर, एक फुकट मिळालेली पाण्याची बाटली आणि डोक्यात हप्त्यांचं गणित. परवा जेवताना त्याने विचारलं, "दाजी, तुम्ही एवढं नवं बघून शेवटी जुनं का घेतलंत?" मी ताकाचा पेला संपवला तरी नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्यासमोरचे पर्याय दोन होते, दोन्ही पिंपरी-चिंचवडमधलेच. महामार्गापलीकडे पुनावळ्याच्या बाजूला वर येत असलेल्या संकुलातला नवाकोरा टू बीएचके, आणि चिंचवडगावात २००८ साली बांधलेल्या चार मजली सोसायटीतला रिसेल. किमतीत पाचेक लाखांचा फरक, जुनाच महाग. आम्ही एक शहाणपणा केला (बायकोची कल्पना, हे तिने वाचायच्या आत कबूल करतो): जिथे घ्यायचं होतं त्याच नव्या संकुलात आधी अकरा महिन्यांचा करार करून भाड्याने राहिलो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते राहून बघितलेलं आहे. पण एकाच कुटुंबाचं आहे. आम्ही दोघं, तेव्हा पहिलीतली मुलगी आणि आई. तुमचं कुटुंब वेगळं तर हिशेबही वेगळा.

नव्या घराचं कौतुक आधी, कारण ते खरंच आहे. अकराव्या मजल्यावर उजेड असा की दुपारी दिवा लावल्याचं आठवत नाही. लिफ्टला बॅकअप, बाथरूमच्या कोपऱ्यात ओल नाही, आणि प्लगपॉइंट तुम्हाला हवे तिथे. जुन्या घरात मिक्सर लावायचा तर आजही फ्रीजच्या मागे हात घालावा लागतो. शेजारी सगळे आमच्याच वयाचे, त्यामुळे मुलगी संध्याकाळी सहाला खाली गेली की आठला ओढून आणावी लागायची. कागदपत्रांचीही धास्ती कमी. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, वकिलाचा शोध अहवाल, ताब्याची तारीख सगळं समोर येतं. करारात चटईक्षेत्र लिहिलेलं असतं, लोडिंगचा, म्हणजे जिना-पॅसेजची जागा मिळवून क्षेत्रफळ फुगवण्याचा, जुना खेळ नाही. बांधकामात दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. आमच्या घरमालकाच्या गॅलरीतली फरशी पोकळ वाजत होती, ती खरोखर बदलून मिळाली. तीन फोन लागले, पण मिळाली.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण हे गणित आता सगळ्यांना पाठ असतं. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी. ४५ लाखांपर्यंतचं आणि आपल्याकडे ९० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आतलं असेल तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला आल्यावर घेतलं किंवा रिसेल घेतलं तर शून्य. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे सारखंच, महापालिका हद्दीत मेट्रोच्या अधिभारासकट ७ टक्के, घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. नोंदणीचे जास्तीत जास्त ३० हजार. जुन्यात सोसायटीची हस्तांतरण फी असते, तिची महापालिका क्षेत्रातली कमाल मर्यादा २५ हजार आहे. "स्वेच्छा देणगी" म्हणून कुणी लाख मागू लागलं तर ती स्वेच्छा तुमची असते हे लक्षात ठेवा. पाच लाखांच्या फरकाबद्दल एवढंच म्हणेन की नव्या घराला ग्रिल, सेफ्टी डोअर, जाळ्या, ट्रॉल्या, पंखे, गीझर आणि दोन वर्षांचा आगाऊ मेन्टेनन्स लागतो. जुन्यात आम्ही नळाची लाइन बदलली आणि एक बाथरूम फोडलं. शेवटी बेरीज फार लांब पडत नाही.

पाण्यावरून मी निर्णय घेतला असणार असं सगळ्यांना वाटतं. नाही घेतला. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, गावातही आणि पुनावळ्यातही. फरक इतकाच की गावात खालची टाकी दिवसाआड भरते आणि भागतं. नव्या संकुलात लोक वाढत जातात तसे दहा हजार लिटरचे टँकर वाढत जातात आणि ते मेन्टेनन्सच्या बिलात दिसतात. त्रासाचं आहे, पण माणूस टँकरला सरावतो. पहाटे रिव्हर्सची पिपाणी वाजली की कूस बदलायची.

ज्याला मी सरावलो नाही तो रस्ता.

ब्रोशरमध्ये आमच्या संकुलापुढून जाडजूड करड्या रंगात "१८ मीटर डीपी रोड", म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, होता. खोटा नव्हता. गेटमधून बाहेर पडलात की खरोखरच अठरा मीटरचा डांबरी रस्ता, मध्ये दुभाजक, दुभाजकात कण्हेर, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब. तीनशे पावलं चाललात की निळा पत्रा. पत्र्याच्या पलीकडे ज्वारीचं शेत, एक गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडे पुन्हा तोच अठरा मीटरचा रस्ता, तसाच दुभाजक, तसलीच कण्हेर, जो पुढे थेट मुख्य रस्त्याला मिळतो. मधला तुकडा सव्वाशे मीटरचा असेल. तेवढ्यासाठी आम्ही रोज उलटं फिरून गावठाणातल्या बोळातून, महामार्गाखालच्या त्या चिंचोळ्या भुयारी मार्गातून जायचो. सकाळी साडेआठला तिथे गाडी अडकली की अर्धा पॉडकास्ट ऐकून व्हायचा.

मॅपला मात्र तो रस्ता अखंड दिसायचा. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा तरी फोन. "सर, लोकेशनला आलोय, इथे पत्रा आहे." मग मी: "दादा, मागे फिरा, मेन रोडला या, भुयारी मार्गातून डावीकडे, मारुतीच्या देवळापाशी…" किराणावाला, कुरिअरवाला, कॅबवाला, फ्रीज दुरुस्त करणारा, सगळ्यांशी हेच संभाषण. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मी हे इतक्यांदा बोललोय की टीममधली पोरं "मारुतीपाशी डावीकडे" असं एकसुरात म्हणायची. जेवण मागवलं तर ते पत्र्याच्या पलीकडे येऊन, वळसा घालून, वीस मिनिटांनी गार होऊन यायचं. खिडकीतून डिलिव्हरीवाल्याच्या गाडीचा दिवा दिसायचा आणि काही करता यायचं नाही.

शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात हात जोडले. "ताई, आत यायचं तर माझी दोन पोरं उशिरा पोचतात. पत्र्याच्या पलीकडे उभं राहा, तिथून घेतो." पत्र्याला एका बाजूला माणूस जाईल एवढी फट होती. बायको रोज सकाळी मुलीला घेऊन त्या फटीतून, शेताच्या बांधावरून, पलीकडे जायची. पावसाळ्यात तिने पद्धत बसवली होती. मुलीच्या पायात रबरी चपला, काळे बूट आणि मोजे कॅरीबॅगमध्ये, आपल्या पर्समध्ये ओलं फडकं. पलीकडे दिव्याच्या खांबापाशी एक मोठा दगड होता. त्यावर मुलीला बसवायचं, पाय पुसायचे, मोजे चढवायचे, बूट घालायचे, तोवर काका हॉर्न वाजवत. चिखलाच्या चपला परत त्याच कॅरीबॅगमधून घरी. एवढ्या देखण्या रस्त्याच्या दोन तुकड्यांमध्ये ही कसरत जून ते सप्टेंबर.

शेत ज्यांचं होतं त्या आजोबांशी माझी ओळख झाली, कारण त्यांच्या बांधावरून आमची रोजची ये-जा. त्यांचा मला राग कधीच आला नाही. विकास आराखड्यात रस्ता त्यांच्या गोठ्यावरून जातो. जमिनीच्या मोबदल्यात टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे जास्तीचं बांधकाम करायचा किंवा विकून टाकायचा हक्क) मिळू शकतो, किंवा रोख. आजोबांना रोख हवी होती. "टीडीआर काय म्हशीला घालू?" असं त्यांनी मला विचारलं होतं. त्यात भावकीतल्या चौघांची नावं सातबाऱ्यावर, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. जोवर जागेचा ताबा नाही तोवर रस्ता नाही, आणि त्यात चूक कुणाची हे मला अकरा महिन्यांत कळलं नाही. कळलं ते इतकंच की आराखड्यातली रेघ म्हणजे तारीख नसते. आराखडा वीस वर्षांचा असतो. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक पालिकेला "आता खरेदी करा" अशी नोटीस देऊ शकतो, मग पालिकेच्या हातात पुढची दोन वर्षं. माझं कर्ज वीस वर्षांचं. मुलगी मात्र दहा वर्षांनी अकरावीत असणार. पुनावळे महापालिकेत आलं १९९७ साली, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता जुन्याच्या कुरबुरी. पार्किंग इतकं अरुंद की मी गाडीतून पोट आत घेऊन उतरतो. लिफ्ट आहे, पण वीज गेली की तीही जाते. वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीत उतरायचं. तो खर्च कुणी करायचा यावर सोसायटीच्या दोन सभा झाल्या, एकीत चहा सांडला. गणपतीत ढोल थेट हॉलमध्ये वाजतो. घेण्याआधी जास्त मेहनत करावी लागते ती वेगळीच. जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का, भोगवटा पत्र म्हणजे राहायला पालिकेची परवानगी आहे का, मूळ मालकाची आधीची सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या उताऱ्यांची, साखळी लागते का, आणि चिंचवडगावात तर घर पवनेच्या निळ्या पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे बघावंच लागतं. धरणातून विसर्ग वाढला की मोरया गोसावी मंदिराकडे पाणी कसं चढतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. आमचं घर त्याहून मोठ्या पुराच्या लाल रेषेच्याही बाहेर आहे. ती खात्री होईपर्यंत मी टोकन दिलं नाही.

पण आई सकाळी एकटी देवळात जाऊन येते. येताना मेथीची जुडी आणते, महाग आणली म्हणून स्वतःवरच चिडते. पुनावळ्यात तिला भाजीलाही गाडीतून न्यावं लागायचं आणि ती "राहू दे, वरण लावते" म्हणायची. अकरा महिन्यांत आमच्याकडे वरण फार झालं. मुलगी आता मैत्रिणींबरोबर चालत शाळेत जाते. आणि डिलिव्हरीवाला फोन न करता थेट बेल वाजवतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी दार उघडून त्याच्याकडे क्षणभर नुसताच बघत राहिलो.

मेहुण्याचं वेगळं आहे, हे मान्य. दोघंही हिंजवडीला, मूलबाळ अजून नाही, जेवण बऱ्याचदा कँटीनला. त्याला नवं घर सोयीचं पडेलही. आम्ही भाड्याने राहिलो त्या संकुलातल्या फ्लॅटचे भाव आमच्या घरापेक्षा बरे वाढलेत हेही त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. रेराचा क्रमांक, पूर्णत्वाचा दाखला हे तो बघेलच, करार नोंदवायच्या आधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नकोस हेही त्याला ठाऊक आहे. मी त्याला फक्त एवढंच म्हटलं की विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढ. समोरच्या रिकाम्या जागेवर कशाचं आरक्षण आहे ते वाच. पुनावळ्यातच कचरा डेपोच्या आरक्षणाविरुद्ध २०२३ साली लोक रस्त्यावर उतरले होते. त्यातल्या कित्येकांना त्या आरक्षणाची बातमी घर घेतल्यावर कळली असणार. आणि ब्रोशरमधला प्रत्येक रस्ता सोमवारी सकाळी साडेआठला पायी चालून बघ. रविवारी एसी गाडीतून सेल्सवाला नेतो तो रस्ता नेहमी वळसा नसलेला वाटतो.

गेल्या महिन्यात आमच्या पुनावळ्यातल्या शेजाऱ्यांकडे सत्यनारायण होता. गाडी मेहुणा चालवत होता, त्याला परिसर बघायचाच होता. मी मुद्दाम काही बोललो नाही, त्याने मॅप लावला. छान रुंद रस्ता, दुभाजक, कण्हेर आता चांगली वाढलीय. "दाजी, हा तर मस्त रस्ता आहे की," असं तो म्हणाला आणि त्याने ब्रेक दाबला. पत्रा आता हिरवा आहे, बाकी तोच. तेवढ्यात माझा फोन वाजला. शेजारी होते.

"आलात ना पत्र्यापाशी? मागे फिरा, मारुतीपाशी डावीकडे."