सफारीत गेंडा आणायचा, पण कुठला?

नागपूरच्या गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ला भारतीय सफारी सुरू झाली, तेव्हापासून ‘आफ्रिकन सफारी कधी?’ हे लोक विचारतातच. तिथे काय बघायचंय या लोकांच्या यादीत जिराफाच्या पाठोपाठ गेंडा येतो. अशा कुठल्याही सफारीसमोर पर्याय तीन: पांढरा, काळा आणि आपला एकशिंगी. नावातल्या रंगावर जाऊ नका. पांढरा आणि काळा दोघेही राखाडीच, आणि लोळून आले की ज्या मातीत लोळले तिच्या रंगाचे.

खरा फरक ओठात. पांढऱ्याचं तोंड रुंद, सपाट. मान खाली घालून गवत कापत जातो. काळ्याचा वरचा ओठ टोकदार. बोटासारखा वळवून तो डहाळी ओढतो. पांढरा मोकळ्या माळावर गाडीतून छान दिसतो, काळा झुडपात शिरला की तिकीट वाया.

पांढरा त्यातल्या त्यात समजूतदार. पण जोडी आणू नका, ही माझी पहिली अट. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या जुन्या प्राणीसंग्रहालयात एक नर आणि एक मादी वर्षानुवर्षं एकत्र राहिली, पिल्लू नाही. १९७१मध्ये तिथल्या नव्या सफारी पार्कात दक्षिण आफ्रिकेतून २० गेंडे आले. तोच नर त्यांच्यात सोडला, आणि पुढे डझनावारी पिल्लांचा बाप झाला. म्हणजे एक नर आणि चार-पाच माद्या, एवढी ऐपत हवी. माद्यांच्या चाऱ्याकडेही बघा. लसूणघास आणि सोयाबीनमधले काही घटक शरीरात स्त्री-संप्रेरकांसारखे वागतात, आणि बंदिवासात जन्मलेल्या माद्या कमी वितात त्याचं एक कारण तेच असावं, असं सॅन दिएगोच्या संशोधकांचं म्हणणं. विदर्भात सोयाबीन दारात पिकतं, म्हणून ही सूचना ठळक लिहून ठेवा. साधं वाळलं गवत बरं.

काळ्यावर जास्त लिहीत नाही. एकलकोंडा, चिडका, रोज ताजा पाला लागणारा. शिवाय बंदिवासात त्याच्या शरीरात लोह साठत जातं. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या पोर्ट लिम्पनसारख्या ठिकाणांनी त्याची पैदास करून दाखवलीय, पण नव्या पार्काने तिथून सुरुवात करू नये.

एकशिंगी मुळातच एकटा राहणारा, त्यामुळे दोनच प्राणी परवडत असतील तर हाच. काझीरंगात २०२२च्या गणनेत २,६१३ भरले. बंदिवासातल्या पैदाशीत नाव काढायचं तर पाटण्याचं प्राणीसंग्रहालय. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जाणाऱ्या नागपूरसारख्या गावात त्याला बुडता येईल एवढं पाणी आणि चिखल हवाच. काँक्रीटवर फार वेळ उभा राहिला की तळपायाला भेगा पडून जखमा होतात, आणि त्या भरता भरत नाहीत. माजावरच्या मादीमागे नर अक्षरशः धावत सुटतो, म्हणून दोन वेगळी आवारं आणि मधे भक्कम दार लागतंच.

तिघांनाही लागू पडणारी एक गोष्ट. गेंडा ठरावीक जागीच शेण टाकतो (आफ्रिकन नर ते मागच्या पायांनी उधळतोही), आणि येणारा-जाणारा वास घेऊन कोण आलं-गेलं ते ओळखतो. रोज सकाळी फावड्याने तो ढीग सफाचट करणारा हौशी कर्मचारी म्हणजे त्यांचा गावचा पारच उचलून नेणारा. थोडं शेण राहू द्या.

शेजारी? पांढऱ्याबरोबर झेब्रा, जिराफ, एलंड (आफ्रिकेतलं मोठं हरणासारखं जनावर) खुशाल ठेवा. एकशिंग्याबरोबर काळवीट, बारशिंगा. हत्तीला मात्र वेगळं कुंपण: दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्यात १९९०च्या दशकात, वडीलधाऱ्या नरांविना वाढलेल्या तरुण हत्तींनी ४०हून जास्त गेंडे मारले.

माझं मत विचाराल तर आफ्रिकन विभागाला पुरेशी जमीन आणि कळपाचा खर्च दोन्ही मंजूर असतील तरच पांढरा. नाहीतर भारतीय सफारीतच एकशिंगी आणा. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी दोन्हीकडे लागते, पण पाटण्याहून येणाऱ्या पिंजऱ्याला समुद्र ओलांडावा लागत नाही.